मातीच्या तबकड्या आणि तिकीट तपासनीस

भारतातील स्कीट नेमबाजीचा इतिहास चाळू लागले की आरंभीच भेटतात ते बिकानेरचे महाराजा करणी सिंह. १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिम्पिक स्पर्धा, १९५२ पासून १९७७ पर्यंत लोकसभेची सदस्यता, आणि (इतिहासप्रेमींनी हे ध्यानी ठेवावे) आपल्याच घराण्याच्या इतिहासावर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट.

स्कीटमध्ये दोन मनोऱ्यांतून सुटणारी मातीची तबकडी हवेतच फोडायची असते. एका फेरीत २५ तबकड्या, म्हणजे २५ काडतुसे. दिवसभर सराव करायचा तर हिशेब सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातो. शिकारीच्या बंदुका ज्यांच्या भिंतींवर पूर्वापार होत्या, त्यांच्याच हाती हा खेळ दीर्घकाळ राहिला, यात नवल ते काय?

महाराष्ट्राची वाट निराळी. येथे यश आले ते रायफल आणि पिस्तूल प्रकारांत, आणि तेही नोकरदारांच्या घरांत. नौदलातील वडिलांची कन्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती ठरली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा शिक्षकपुत्र स्वप्निल कुसळे २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, नाशिकला घडला, आणि २०१५ मध्ये रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून पुण्यात रुजू झाला. नाशिक ते पुणे या रस्त्यावर संगमनेर आहे. तेथील एखाद्या मुलाने उद्या रायफल उचलली, तर त्याच्या एका बाजूला प्रबोधिनी आणि दुसऱ्या बाजूला नोकरी, असा मार्ग आधीच मळलेला आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्निलने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नरुका यांचे स्कीट मिश्र सांघिक कांस्य ४३-४४ अशा एका तबकडीने हुकले.

पदकानंतर रेल्वेने स्वप्निलला विशेष कार्य अधिकारी केले, राज्य शासनाने दोन कोटी दिले. उत्तमच. परंतु पदकाच्या आधीची नऊ वर्षे पेलली ती तपासनिसाच्या पगाराने. खेळाडूला आधार हवा असतो तो त्याच वर्षांत, आणि त्या वर्षांचा सत्कार कोणी करीत नाही. खाशाबांना तर पोलीस दलातील फौजदारकी मिळाली ती १९५५ मध्ये, हेलसिंकीहून परतल्यावर तीन वर्षांनी. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तो स्वीकारायला ते हयात नव्हते.