‘आयव्हीआयजी’नंतरची डोकेदुखी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले आणि ‘आयव्हीआयजी’ हे नाव घराघरांत पोहोचले. इंजेक्शन कुठे मिळते, केवढ्याला मिळते, सरकार मोफत देणार का, याची भरपूर चर्चा झाली. ते दिल्यावर रुग्णाकडे कसे लक्ष ठेवायचे, याची मात्र फारशी झाली नाही.

हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली ही प्रतिपिंडे. जीबीएसमध्ये वजनाच्या किलोमागे एकूण २ ग्रॅम, साधारणपणे पाच दिवसांत विभागून देतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. किरकोळ डोकेदुखी, कणकण अनेकांना होते आणि सलाइनचा वेग कमी केला की बहुधा थांबते. क्वचित कुणाला मात्र एक-दोन दिवसांत डोके असह्य दुखू लागते, मान आखडते, उजेड नकोसा होतो, ताप-उलट्या होतात. हा मेंदूच्या आवरणाचा दाह असतो; जंतूंमुळे नव्हे, औषधामुळे झालेला. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या दिसतात, पण जंतू सापडत नाहीत. बहुतेकांना काही दिवसांत आराम पडतो. मायग्रेन असलेल्यांना हा त्रास होण्याची शक्यता अधिक. पण सलाइन लावण्यापूर्वी ‘अर्धशिशीचा त्रास आहे का?’ असे विचारले जातेच, असे नाही. विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही!

दुसरा धोका याहून दुर्मीळ, पण गंभीर. एवढे प्रथिन शिरेतून गेल्यावर रक्त दाटते आणि गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये गुठळ्यांबाबतचा इशारा या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापायला लावला. वयस्कर, हृदयविकार असलेले, आधी गुठळी झालेले रुग्ण अधिक जोखमीचे. जीबीएसमध्ये तर हातपाय आधीच लुळे पडलेले. नवा पक्षाघात त्यात लपून जाऊ शकतो. जीबीएसची अशक्तता सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते. अचानक एकच बाजू गळाली, बोलणे असंबद्ध झाले किंवा झटका आला, तर ‘आजारच वाढला’ असे समजून थांबणे चुकीचे ठरेल.

म्हणून हे औषध नाकारावे, असे मुळीच नाही. जीबीएसमध्ये ते वेळेवर मिळणे महत्त्वाचेच. पण खर्चाच्या कागदावर सही घेताना या खुणा मराठीत लिहिलेला एक कागदही नातेवाइकांच्या हातात द्यायला हवा. आणि नातेवाइकांनीही ‘बाटली लवकर संपवा’ म्हणून सिस्टरांच्या मागे लागू नये. ती सावकाश जाते, ती मुद्दामच.