दगडावरचे नेचे

आमच्या विभागातील काचेच्या कपाटात एक दगडाचा तुकडा काही वर्षे मोठ्या मानाने विराजमान होता. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने तो अक्कलकोट तालुक्यातील आपल्या शेतातून आणला होता. विहिरीच्या खोदकामात निघालेल्या त्या दगडावर काळ्या रंगात नेच्याचे नाजूक पान उमटलेले होते. प्रस्तुत लेखकाने उत्साहाच्या भरात त्यावर ‘जीवाश्म’ अशी चिठ्ठी लावली. जीवाश्मांविषयी मिळेल ते वाचण्याचा छंद त्याआधीचाच. आता तर पुरावाच घरी चालून आला होता.

पुढे भूशास्त्राच्या एका अध्यापकमित्राने भिंगातून तो दगड पाहिला आणि हसून विचारले, ‘‘सर, या पानाच्या शिरा कुठे आहेत?’’ शिरा नव्हत्याच. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून मँगनीजची ऑक्साइडे साचत जातात, त्यांना फाटे फुटतात आणि झाडाचा भास होतो. याला डेंड्राइट म्हणतात. तिथे कधीही पान नव्हते.

खरे तर आम्ही मराठीवाल्यांनी असे फसायला नको होते. सोळा गावांचे म्हणून ‘सोलापूर’ ही व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळात या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ होते आणि मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या शिलालेखात ते ‘सोनलीपूर’ असे येते. ध्वनिसाम्यावर उभी राहिलेली लोकव्युत्पत्ती आणि आकारसाम्यावर उभा राहिलेला जीवाश्म ही एकाच वृत्तीची अपत्ये होत. साम्य हे शोधाचे निमित्त असते, पुरावा नव्हे.

मग हौशी माणसाने या वाटेला जाऊच नये काय? मला तसे वाटत नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते धर्मप्रसारक आणि शिक्षक म्हणून. भूशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात जीवाश्म कसले सापडणार? पण हा लाव्हा एका दमात आला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या निवांत काळात तळी साचली, गाळ बसला, गोगलगायी आणि वनस्पती जगल्या. नागपूरजवळच्या टाकळी येथे हिस्लॉप यांना अशाच गाळाच्या थरात जीवाश्म मिळाले. मुंबईत वरळीच्या अशाच थरांतून बेडकांचे सांगाडे निघाले. हिस्लॉप यांचे मोठेपण केवळ नमुने गोळा करण्यात नाही. कोणता नमुना कोणत्या थरातून आला हे त्यांनी पाहिले, लिहिले आणि जाणकारांपुढे ठेवले.

थर हा जीवाश्माचा संदर्भ असतो. संहितेतून उचकटलेली ओवी कितीही सुंदर असली, तरी पाठचिकित्सेच्या दृष्टीने तिचे मोल घटते. तसेच जागेवरून उचललेल्या जीवाश्माचे होते. म्हणून हौशी अभ्यासकाने हातोडीच्या आधी वही उघडावी. जागा, खोली, वरचा-खालचा थर टिपावा, छायाचित्र घ्यावे आणि नमुना शक्यतो तिथेच ठेवून जाणकाराला कळवावे. दिवाणखान्यातला संग्रह हा छंद असू शकेल, अभ्यास नव्हे.

मित्राच्या त्या प्रश्नानंतर मी विद्यार्थिनीमार्फत तिच्या वडिलांना विचारले, दगड किती खोलीवर निघाला? उत्तर ताबडतोब आले: चार परसांवर, तांबड्या पट्ट्याच्या जरा खाली. ती विहीर मी नंतर पाहिली. काळ्या खडकाच्या मधोमध विटकरी रंगाचा हातभर जाडीचा पट्टा गेला होता. मित्राच्या मते, एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी जी माती तयार झाली, तीच वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. म्हणजे त्या प्राचीन निवांत काळाची खरी खूण विहिरीच्या भिंतीत होती. आणि आम्ही मात्र काही वर्षे तिच्याविषयी एक शब्दही न विचारता कपाटातले चित्र पाहत बसलो होतो. त्या शेतकऱ्याला थर ठाऊक होता. त्याला विचारण्याचे आम्हाला सुचले नव्हते, इतकेच.

दगड अजूनही कपाटात आहे. चिठ्ठी बदलली आहे: ‘मँगनीजची नक्षी. विहीर, चार परस, तांबड्या पट्ट्याखाली.’