बिबट्या नेला, पण भीती गेली का?



उसाच्या पट्ट्यात बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी ठरलेली असते: पिंजरा लावा आणि त्याला लांब जंगलात नेऊन सोडा. ज्याचे लेकरू अंगणात खेळते त्याने असे म्हणणे साहजिकच आहे. परंतु या उपायाने खरोखर काय साधते, याचा हिशेब आपल्याच मुलखात मांडला गेला आहे. तो प्रत्येक घरात माहीत असावा.

हा हिशेब मांडला वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याने माणसांवर केलेले हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. पुढे तीन वर्षांत २९ बिबटे, बहुतेक शेतीच्या भागात धरलेले, सरासरी ४० किलोमीटर दूर जंगलात सोडण्यात आले. हल्ले कमी व्हायला हवे होते. ते वर्षाला सरासरी १७ झाले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट होऊन शेकडा ३६ वर गेले. जेथे बिबटे सोडले, त्या बाजूलाच हल्ले वाढले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे? बाजारातून आणलेला नवा बैल पहिले काही दिवस बुजतो, शिंगे उगारतो. बिबट्याचेही तसेच आहे. जुन्या जागी त्याला माणसाच्या वेळा, वाटा, वस्त्या ठाऊक असतात आणि तो त्या चुकवून राहतो. परक्या जागी तो बिथरतो. शिवाय त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन धरतो. म्हणजे आपली भीती जात नाही, आणि दुसऱ्या गावाची वाढते.

अकोले तालुक्यातील त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ मोठे बिबटे आढळले. इतके असूनही त्या काळात तेथे माणसांवर हल्ले क्वचितच झाले. त्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, शेकडा ३९. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट अधिक असूनही त्यांचा वाटा शेकडा ११ च्या आसपास होता. कारण सरळ आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे मोकळे फिरते.

केंद्र सरकारनेही २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत नुसता दिसला म्हणून बिबट्या धरून दुसरीकडे सोडू नये, असा सल्ला दिला. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी. त्याचा बंदोबस्त वनखात्याने केलाच पाहिजे आणि आपण तो मागितलाच पाहिजे. अलीकडच्या वर्षांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर तालुक्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. त्या घरांना आकडे सांगून समाधान होणार नाही. पण पुढचे घर वाचवायचे तर पिंजऱ्याच्या भरवशावर राहून चालणार नाही.

आपल्या हाती आहे ते असे:

१. शेळ्या-करडांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळीने बंद करा. नुसता कूड पुरत नाही.

२. घराभोवती वीस-पंचवीस पावले ऊस, गवत, झुडूप ठेवू नका. दारात दिवा असावा.

३. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे सोडू नका. परसाकडे उघड्यावर बसणे टाळा. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो.

४. रात्री दारे धरायला जाताना दोघे मिळून, बोलत, बॅटरी व काठी घेऊन जा.

५. उकिरडा आणि मेलेली जनावरे वस्तीजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

६. ऊसतोडीत बछडी सापडली तर हात लावू नका. तोड थांबवून वनरक्षकाला कळवा. आई त्यांना शोधत परत येते आणि बछडी न मिळाल्यास चवताळते.

७. जनावर मारले गेले तर ते न हलवता त्याच दिवशी वनखात्याला कळवा, म्हणजे पंचनामा होऊन भरपाईचा मार्ग मोकळा होतो.

या आठवड्यात एवढे करा: सर्वांत आधी गोठ्याची जाळी तपासा. ढिली असेल तर आजच तार आवळा.