दोन नावं असली म्हणून बाई खोटी नसते

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची?’ हा प्रश्न बाईला पिढ्यानपिढ्या विचारला जातो. आता तो तिच्या मोबाईलवरून विचारला जातो, एवढंच.

मी सातिवलीच्या एका औद्योगिक गाळ्यात हिशेबाचं काम करते. कामावर रुजू झालं की आमचा नंबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. पाळीच्या सूचना तिथेच येतात, त्यामुळे बाहेर पडायची सोय नाही. त्याच नंबरावर माहेर, मुलांची शाळा, बँक आणि आमचं महिला मंडळ. आठ मार्चच्या मोर्चाचा फोटो मी स्टेटसवर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सुपरवायझरने सगळ्यांदेखत विचारलं, ‘आता आमच्यावरही मोर्चा आणणार का?’ सगळे हसले. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघींनी त्या दिवसापासून स्टेटस ठेवणंच सोडलं. धमकी द्यावीच लागत नाही. बाई आपणहून गप्प होते.

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि खळबळ उडाली. ही विभावरी शिरूरकर कोण, याचीच चर्चा अधिक. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींची घुसमट त्यांना त्या नावाच्या आडोशानेच मांडता आली.

आडोशाचा गैरवापरही होतो, हे खरं. जानेवारी 2022 मध्ये ‘बुल्ली बाई’ प्रकरणात मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. पण मुंबई पोलिसांनी त्या संशयितांना शोधून अटक केलीच की! गुन्हेगार सापडावा म्हणून साऱ्या बायकांनी उघड्यावर का राहायचं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तर तक्रारदार स्त्रीची ओळख जाहीर करायला मनाई करतो. मग रोजच्या कामात तिचा नंबर सगळ्यांच्या हाती कशासाठी?

मैत्रिणींनो, कामासाठी नंबर हवा असेल तर सिमकार्ड मालकाने द्यावं, ही मागणी आपण एकजुटीने करू या. तोवर आपला फोटो, आपलं स्टेटस कोणाला दिसावं, हे मोबाईलमध्ये आपणच ठरवून ठेवू या. शेजारणीलाही शिकवू या. घराला पुढचं दार असतं, मागचंही असतं. कोणतं कोणासाठी उघडायचं, हे घरात राहणारीनेच ठरवायचं.