गावाचा पैसा, सावकाराची अट

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभारला. त्यांची ग्रामगीता १९५५ साली प्रसिद्ध झाली. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, लाखो माणसे येथे मौन उभी राहतात. पुढारी येतात, गावाने स्वतःच्या पायावर उभे राहावे या शिकवणुकीचा गौरव करतात आणि मुंबईस परततात. गावाला लागणारी वस्तू कोणाकडून घ्यावी, काम कोणाला द्यावे, दर कोणी ठरवावा, याचा निवाडा ज्या कागदांवर होतो, ते कागद मात्र या गौरवाच्या भाषणांत कधी येत नाहीत.

त्या कागदांना अलीकडे एक नवा मुलामा चढला आहे. पूर्वी जागतिक बँक कर्ज देताना खरेदीचे नियमही स्वतःचेच लादीत असे. मोठ्या कामांच्या निविदा साऱ्या जगासाठी खुल्या कराव्या लागत. २००५ साली पॅरिस येथे आणि २००८ साली घानाची राजधानी आक्रा येथे श्रीमंत देशांनी कबुली दिली, की कर्ज घेणाऱ्या देशाच्या स्वतःच्या व्यवस्थेवर विसंबले पाहिजे. २००८ सालीच जागतिक बँकेने काही देशांच्या खरेदीपद्धती प्रयोगादाखल वापरण्याचे ठरवले, तेव्हा युरोप-अमेरिकेतील कंत्राटदारांच्या संघटनांनी हाकाटी केली. पुढे १ जुलै २०१६ पासून बँकेची नवी खरेदीव्यवस्था लागू झाली आणि तीत देशी पद्धतीला आणखी जागा मिळाली. भारत सरकारच्या ‘जेम’ या खरेदीपेठेतूनही काही मर्यादेत माल घेण्यास बँकेने मान्यता दिली.

हे ऐकून आपल्यातील काही मित्रही सुखावतात. सावकाराने ऋणकोच्या वहीवर विश्वास ठेवला, म्हणजे देशाचे सार्वभौमत्व मान्य झाले, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परदेशी कंत्राटदार ज्या गोष्टीवर चिडतात ती आपल्या हिताचीच असणार, असेही ते म्हणतात. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण वहीची कोणती पाने सावकाराने मान्य केली आणि कोणती फाडली, हे कोण पाहणार?

भारतातील कर्जप्रकल्पांसाठी देशांतर्गत निविदांना बँक ज्या अटी घालत आली आहे, त्या कार्यकर्त्यांनी एकदा मुळातून वाचाव्यात. लघुउद्योगाला, सरकारी कारखान्याला किंवा एखाद्या राज्यातील उद्योगाला दरात अथवा अन्य अटींत कोणतेही झुकते माप देता येणार नाही, अशी स्पष्ट अट त्यांत आहे. आता आपली वही पाहा. केंद्राच्या २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून किमान २० टक्के खरेदी करण्याचे धोरण आले आणि २०१८ साली ते प्रमाण २५ टक्के झाले. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के व स्त्री उद्योजकांसाठी ३ टक्के हिस्सा आहे. ३५८ वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांना ठरावीक रकमेपर्यंतची कामे राखून देण्याची पद्धत जुनी आहे. सार्वजनिक खरेदीकडे रोजगार व समता यांचे साधन म्हणून पाहणारा जो काही अंश आपल्या व्यवस्थेत आहे, तो हाच. बँक विसंबते ती निविदेच्या जाहिरातीवर, बयाण्यावर आणि सर्वांत कमी दरावर. आणि या तिन्ही गोष्टी मोठ्या ठेकेदाराला सहज पेलतात. सामाजिक न्यायाचे पान तेवढे ‘स्पर्धेत अडथळा’ म्हणून बाद होते. याला देशाच्या व्यवस्थेवरील विश्वास म्हणणे ही निव्वळ मखलाशी आहे.

वऱ्हाडात हा विश्वास शेताच्या बांधापर्यंत आलेला दिसतो. २०१८ साली जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘पोकरा’, १५ जिल्ह्यांत सुरू झाला. अमरावती, अकोला आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा त्यात आहे. गावोगावी ग्राम कृषी संजीवनी समित्या झाल्या. हे चांगलेच झाले. पण वैयक्तिक लाभाची रीत पाहा. ठिबक संच, तुषार संच, पंप, जे घ्यायचे ते शेतकऱ्याने आधी स्वतःच्या पैशाने घ्यावे, बिल जोडावे, तपासणी व्हावी, मग अनुदान खात्यात यावे. कागदावर यात खोट काढणे कठीण आहे. मधला दलाल गेला, ठेकेदार गेला, शेतकरीच खरेदीदार झाला! परंतु ज्याच्या गाठीला आधी टाकायला पैसा आहे तोच खरेदीदार होतो. ज्याचे पीककर्ज थकले आहे त्या तीन एकरवाल्या कोरडवाहू कास्तकाराने संचाची रक्कम आणावी कोठून? तो दुकानदाराकडे उधारी मागतो, उधारीत दर चढतो, आणि अनुदानाचा एक भाग खात्यावर येण्यापूर्वीच दुकानात जिरतो. नाहीतर तो अर्जच करीत नाही, आणि अहवालात त्याची नोंद ‘मागणी नाही’ अशी होते. कर्जाची परतफेड मात्र सरकारी तिजोरीतून होणार, म्हणजे काडेपेटीपासून खतापर्यंत सगळ्यावर कर भरणारा तोही ती फेडणार.

तेव्हा बँकेला दोष दिला की काम झाले असे मात्र नाही. आपल्या राज्याची वही किती मळलेली आहे हे विदर्भाइतके कोणाला ठाऊक? २००९ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमतीत काही महिन्यांच्या अवधीत सुमारे २०,००० कोटी रुपयांची वाढ मंजूर झाली. जिगाव आणि निम्न पेढी या वऱ्हाडातील प्रकल्पांची कंत्राटे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली. त्या निविदा परदेशी बँकेच्या नियमांनी निघाल्या नव्हत्या. तो सगळा व्यवहार आपल्याच पद्धतीचा होता. मजूर संस्थांचेही तेच. हातात कधी फावडे न धरलेले सभासद कितीतरी संस्थांच्या यादीत असतात. २०२२ साली मुंबईत विधान परिषदेच्या तत्कालीन विरोधी पक्षनेत्यांनाच सहकार खात्याने ‘मजूर’ म्हणून अपात्र ठरवले, तेव्हा लोक हसले; पण खऱ्या मजुराच्या वाट्याचे काम कोण खात होते हे विचारण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. ज्या राखीव जागेचे रक्षण आपण करू शकलो नाही, ती पुसून टाकण्यास सावकाराला कारण आयतेच मिळते.

शिवाय ज्या व्यवस्थेवर विसंबायचे ती कायद्याने बांधलेली तरी आहे काय? केंद्राने २०१२ साली लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक मांडले, ते २०१४ साली सभागृहाबरोबर विरून गेले. तामिळनाडूने १९९८ साली आणि कर्नाटकाने १९९९ साली निविदांच्या पारदर्शकतेचे कायदे केले. महाराष्ट्रात खरेदी चालते ती शासन निर्णयांवर. एका शासन निर्णयाने दिलेला हिस्सा दुसऱ्या शासन निर्णयाने रात्रीतून काढता येतो, आणि त्यासाठी विधिमंडळात कोणाला उभे राहून उत्तर द्यावे लागत नाही.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांची मागणी दुहेरी असली पाहिजे. महाराष्ट्राने सार्वजनिक खरेदीचा कायदा करावा. त्यात मजूर संस्था, महिला बचत गट व लघुउद्योग यांचा हिस्सा कलम म्हणून लिहावा, आणि कोणत्याही कर्जाच्या करारात तो हिस्सा सोडता येणार नाही असे बंधन राज्यावर घालावे. बोगस संस्थेची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार वापरला गेला नाही तर जबाबदार अधिकारी कोण, हेही त्यातच लिहावे. पोकरासारख्या योजनेत अल्पभूधारकाला पुरवठादाराकडे सरकारने थेट रक्कम भरण्याची सोय मिळाली पाहिजे. ती तशी देता येत नाही असे जे सांगतात, त्यांनी ते बँकेच्या कोणत्या अटीमुळे देता येत नाही तेवढे लेखी द्यावे.

दुसरे काम मुंबईत होणार नाही. तिवसा तालुक्यातील असो वा अकोल्याच्या खारपाण पट्ट्यातील, प्रत्येक गावी अंदाजपत्रक, पुरवठादाराचे नाव, दर आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल ग्रामसभेत वाचून दाखवावी, असा आग्रह धरावा लागेल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार यांतील पुष्कळशी माहिती मागण्याआधीच जाहीर व्हायला हवी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘वर्षातील खरेदी’ हा विषय घ्यावा, असा अर्ज ग्रामपंचायतीकडे सप्टेंबरातच गेला पाहिजे, आणि त्याची पोच शाखेच्या दप्तरात असली पाहिजे.