स्वयंपाकघराला फोनची चाकरी नको

स्वयंपाकघर फोनला जोडा, म्हणजे बाई मोकळी होईल, असं सांगणाऱ्यांची सध्या आपल्याकडे वाण नाही. पण जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ अलीकडे त्याच्याही पुढे गेले. सातारा-सांगलीकडच्या घरांना या सोयी अजून झेपत नाहीत, तिथल्या बायकांची मानसिकता जुनी आहे, असा निर्वाळा त्यांनी देऊन टाकला. त्यांनी उपकरणांचं हवं तेवढं कौतुक करावं, माझी हरकत नव्हती. पण ज्यांनी उभा जन्म चुलीपुढे, स्टोव्हपुढे आणि गॅसपुढे काढला, त्यांची अक्कल त्यांनी काढली. म्हणून हे उत्तर.

त्यांची बाजू थोडक्यात अशी. फ्रीज, ओव्हन, कुकर, एअर फ्रायर इंटरनेटला जोडले की ऑफिसात बसून स्वयंपाक सुरू करता येतो, म्हणून वेळ वाचतो. उपकरण स्वतःच हिशेब ठेवतं, म्हणून वीज वाचते. पाककृती त्याच्या आतच भरलेल्या असतात, म्हणून चव चुकत नाही. बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. आणि हे ज्यांना पटत नाही ते सगळे पाट्या-वरवंट्याचे भक्त. त्यांनी मिक्सरलाही नाकं मुरडली होती.

वेळेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. डाळ निवडून, धुऊन, भांड्यात घालणारा हात सकाळीच राबलेला असतो. फोनवरून दाबायचं उरतं ते एक बटण. आणि सांगलीतल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात सकाळी पाण्यात घातलेली डाळ संध्याकाळपर्यंत आंबते, हे त्या फोनला कोण सांगणार?

पाककृतीचं तर बोलायलाच नको. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून उंच आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. सांगलीत ते ९८ च्या आसपास उकळतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा यंदाचा असेल तर एका वेळात शिजतो, गेल्या वर्षीचा असेल तर वेगळ्या. 'राजमा' असं लिहिलेलं एकच बटण या सगळ्याला पुरेल, असं ज्याने कधी घेवडा शिजवला नाही त्यालाच वाटू शकतं. शिजवणारी बाई दाणा बोटात चेपून बघते आणि शिट्ट्या ठरवते.

विजेचा मुद्दा दिसतो तेवढा भक्कम नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ०.०९ युनिट वीज लागते. हुकूम बोटाने दिला काय आणि फोनवरून दिला काय, तेवढी उष्णता पाण्याला द्यावीच लागते. आजचे फ्रीज पूर्वीपेक्षा कमी वीज खातात हे खरं आहे, पण ते श्रेय इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं, चांगल्या इन्सुलेशनचं आणि २००६ पासून सुरू झालेल्या तारांकित लेबलांचं आहे. कॉम्प्रेसर आपला वेग आतल्या तापमानावरून ठरवतो, त्याला वायफाय लागत नाही. उलट सतत ऐकत बसलेलं, दोन वॉट खाणारं उपकरण वर्षाकाठी साडेसतरा युनिटं नुसतं वाट पाहण्यात घालवतं. बचतीचं श्रेय एकाचं आणि मिरवतोय दुसराच, हा हिशेब मला मान्य नाही.

आता बाईच्या ओझ्याकडे येऊ. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, पुरुषांची ८८. दोन आकड्यांमधली ही दरी भरायला कुठलं अॅप लागतं? कुकर लावायला पुरुषाच्या हाताला कोणी बंदी केलेली नाही. फोनला जोडलेलं उपकरण सूचना पाठवतं ती बाईच्याच फोनवर : दार उघडं राहिलं, दूध संपत आलं, ओव्हन तयार आहे. म्हणजे साताऱ्याच्या कचेरीत, कराडच्या बँकेत किंवा वाईच्या शाळेत ती चार तास तरी स्वयंपाकघराबाहेर होती, तेही आता हिरावून घेतलं. ओझं उतरत नाही, ते तिच्या मागे कामावर जातं. घरातल्या कामाची वाटणी न बदलता यंत्र बदलणाऱ्यांनी स्त्रीमुक्तीचं नाव घेऊ नये.

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे, आणि त्याबद्दल आमचे गृहस्थ अवाक्षर काढत नाहीत. उपकरण टिकणार किती आणि बिघडलं तर ते कोण उघडणार?

घरातला फ्रीज दहा-पंधरा वर्षं चालावा अशी आपली रास्त अपेक्षा असते. मिक्सर तर लेकीच्या लग्नापर्यंत पोचतो. ही उपकरणं इतकी टिकतात कारण त्यांची दुरुस्ती गावात होते. मिक्सरचा कपलर झिजला, नवा बसवा. कार्बन ब्रश संपले, बदला. कॉइल जळली, रिवाइंडिंगला टाका. कुकरची रिंग सैल झाली, शिट्टी हरवली, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तर विटा-तासगावच्या बाजारातही सुटा भाग मिळतो. फ्रीजचा थर्मोस्टॅट, रिले, गॅस भरणं, हे तालुक्याचा मेकॅनिक करतो. फलटणपासून जतपर्यंत या दोन जिल्ह्यांत ही कारागिरी पसरलेली आहे, आणि आपल्या स्वयंपाकघराचा अर्धा भरवसा तिच्यावर उभा आहे.

याची कसोटी सांगलीने पाहिली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. त्याआधी २००५ चा पूर होता, त्यानंतर २०२१ चा आला. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या घरांतून चिखलाने भरलेले मिक्सर, फ्रीज, घरघंट्या बाहेर निघाल्या. साध्या मोटारीला अशा वेळी आशा असते. ती उघडायची, स्वच्छ पाण्याने चिखल काढायचा, नीट सुकवायची, वार्निश द्यायचं आणि कॉइल गेलीच असेल तर नवी गुंडाळायची. तांब्याची तार आणि कसबी हात असला की मोटार पुन्हा फिरते. पण पडदा, वायफाय आणि बोर्ड असलेल्या उपकरणात चिखल शिरला की मेकॅनिक एकच वाक्य बोलतो : "कार्ड गेलंय, कंपनीकडून मागवावं लागेल." कंपनीने ते मॉडेल बंद केलं असेल तर कार्ड येत नाही. कॉम्प्रेसर ठणठणीत असताना फ्रीज भंगारात जातो. पूर ज्यांच्या दारात पुन्हा पुन्हा येतो, त्यांना असं उपकरण विकत घ्या म्हणून सांगणं आणि न घेतल्याबद्दल त्यांना मागास ठरवणं, याला मी बेजबाबदारपणा म्हणतो.

आणि पूर आलाच पाहिजे असंही नाही. कोरड्या घरातलं उपकरणसुद्धा कंपनीच्या एका निर्णयाने अर्धं होतं. अनोव्हा या कंपनीची पाण्यात बुडवून अन्न शिजवायची उपकरणं परदेशात गाजली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं की जुन्या मॉडेलांची अॅपशी जोडणी २८ सप्टेंबर २०२५ पासून बंद. त्या उपकरणांत काही बिघडलं नव्हतं. अंगावर बटणं होती म्हणून ती चालू राहिली, त्यांची 'हुशारी' तेवढी मेली. अमेरिकेत तर घरात पैसे मोजून आणलेल्या महागड्या फ्रीजच्या पडद्यावर २०२५ मध्ये जाहिराती सुरू झाल्या. विकत घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा ताबा राहतो, ही या सगळ्या सोयींची खरी किंमत आहे आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ पडते. आईच्या घरातलं उपकरण मुलगा पुण्याहून येऊन बसवून देतो, नोंदणी त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. त्याने फोन बदलला की साताऱ्यातली आई स्वतःच्याच ओव्हनपुढे परकी होते. पावसाळ्यात पाटण-जावळीच्या डोंगरात वीज गेली की टॉवरही मान टाकतो. गॅसची शेगडी तेव्हाही पेटते. एकट्या आईची काळजी असेल तर तिला फोन करा, शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवा. तिच्या फ्रीजचं दार किती वेळा उघडलं हे पुण्यात बसून मोजणं ही काळजी नव्हे, पाळत आहे.

राहिला पाट्या-वरवंट्याचा टोमणा. हा वाद मी फार जुन्या काळापासून ऐकतो आहे आणि दर वेळी माझा संताप होतो. पाट्यावरच्या चटणीची गोडी गाणारे बहुतेक जण पाट्यापुढे कधी न बसलेले पुरुषच असत. गॅसवरची भाकरी चुलीसारखी लागत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत धूर गेलेला नव्हता. मी त्यांच्या पंगतीतला नाही. मिक्सर आला तो बायकांनी डोक्यावर घेतला, आणि योग्यच केलं. १९६० च्या दशकात मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरांनी सुमीत मिक्सर बनवला, कारण घरातलं परदेशी यंत्र आपल्या वाटणापुढे टिकेना. त्यांनी दांडगी मोटार बसवली. उपयोग वाढला तो त्या मोटारीमुळे. आपल्या गावांत उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून आणतात, दळणासाठी कित्येक घरांनी घरघंटी घेतली आहे. यंत्राला विरोध कुठे आहे? जे यंत्र खांद्यावरचा भार उचलतं, त्याला या बायांनी कधीच नाही म्हटलेलं नाही.

आणि नव्याला न बिचकण्याचे धडे सांगली जिल्ह्याला कोणी देऊ नयेत. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपत नव्हता, लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटे. माझे प्रतिपक्षी असलाच दाखला देतात : तेव्हाही लोक बिचकले, आताही बिचकतात. दाखला अर्धवट आहे. तो नांगर शेवटी घरोघर गेला, कारण त्याने जमीन खोल नांगरली आणि ते काम शेतकऱ्याला आपल्या रानात, आपल्या डोळ्यांनी दिसलं. झिजलेला फाळ बदलून तोच नांगर पुन्हा जुंपता येतो. नांगर चालवायला त्याला वाडीतून कोणाची परवानगी मागावी लागली नाही. आजचं उपकरण या कसोटीला उतरू द्या, मग आमच्या बिचकण्याबद्दल बोला.

मग मला हवं तरी काय? हुशारी हवीच आहे, पण ती यंत्राच्या पोटात हवी. १९५५ मध्ये जपानात तोशिबाने आपोआप बंद होणारा भाताचा कुकर बाजारात आणला. आजच्या साध्या कुकरमधलं तत्त्व फार सुंदर आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. भाताने पाणी शोषलं की ते वाढतं, तळाच्या खास लोहचुंबकाची ओढ सुटते आणि बटण आपोआप पडतं. इंटरनेट नाही, नोंदणी नाही, आणि भात करपत नाही. ज्योत विझली की गॅस तोडणारी शेगडी, रिकामं भांडं ओळखून थांबणारी इंडक्शन, वेग सांभाळणारा कॉम्प्रेसर, ही खरी मदत आहे. दृष्टिहीन माणसाला गुळगुळीत काचेचं पॅनेल निरुपयोगी असतं. त्याला आवाजाने चालणारं उपकरण मोठा आधार आहे, आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. पण बोटाला कळणारा खटकेदार खुंटाही त्याच्याच सोयीचा आहे, तो कंपन्यांनी काढून का टाकला?

कायद्यानेही थोडा हात द्यावा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेली वस्तू विकताना तिला सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हे सांगणं बंधनकारक आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. आता पुढचं पाऊल हवं : सुटे भाग किती वर्षं मिळतील ते खोक्यावर छापा, आणि दुरुस्तीची माहिती गावच्या मेकॅनिकलाही द्या.

तोवर दसरा-दिवाळीला साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत खरेदीला जाणाऱ्या प्रत्येक बाईने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना याची सगळी कामं चालतात का? याचं कार्ड दहा वर्षांनी मिळेल का? हे आमच्या गावात कोण उघडेल? उत्तर मिळालं नाही तर पैसे पर्समध्येच ठेवून दुसरं दुकान गाठावं. त्या तीन प्रश्नांना मागासलेपण म्हणणाऱ्यांनी आधी त्यांची उत्तरं द्यावीत. या दोन जिल्ह्यांतल्या बायका नव्याला तयार आहेतच. नवं अजून त्यांच्या स्वयंपाकघराला तयार झालेलं नाही.