पन्नास रुपयांची एंट्री

ई-स्पोर्ट्स वाढतंय म्हणून ढोल पिटणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: कोणाच्या जिवावर? २०१९ मध्ये हैदराबादला पब्जी मोबाइलची इंडिया सिरीज झाली तेव्हा एकूण बक्षीस १ कोटी होतं आणि टीम सोल जिंकली. २०२४ मध्ये त्याच हैदराबादेत, त्याच खेळाच्या भारतातल्या नव्या अवताराच्या म्हणजे बीजीएमआयच्या बीजीआयएस स्पर्धेत ही रक्कम २ कोटींवर गेली, टीम एक्सस्पार्कनं बाजी मारली. मधे २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टननं आपल्याकडच्या नॉडविन गेमिंगमध्ये दीडशे कोटींहून जास्त रक्कम ओतली आणि २०२२ च्या जूनमध्ये हा खेळ थेट स्टार स्पोर्ट्सवर आला. हे आकडे खरे आहेत. पण या आकड्यांच्या तळाशी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडची पोरं उभी आहेत, आणि त्यांचं काय चाललंय हे बघायला कोणालाही सवड नाही.

मी सांगतो काय चाललंय. रांजणगावला कंत्राटावर लागलेला एक, कुरकुंभच्या कंपनीत पाळी करणारा दुसरा, आणि बारावीतले दोघं. असा चौघांचा स्क्वॉड. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मेसेज पडतो: पेड स्क्रिम, एंट्री ५०, स्लॉट शिल्लक. म्हणजे पैसे भरून खेळायचा सराव सामना. पैसे यूपीआयनं जातात. मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी अ‍ॅडमिन रूमचा आयडी-पासवर्ड टाकतो. एका कस्टम रूममध्ये १०० खेळाडू, म्हणजे २५ स्क्वॉड. स्क्वॉडमागे ५० धरले की गोळा झाले १,२५०. पहिल्याला ५००, दुसऱ्याला २५०, उरलेले ५०० अ‍ॅडमिनच्या खिशात. रात्रीत अशा चार रूम लावल्या की झाले २,०००, आणि त्यासाठी त्यानं खुर्चीवरून उठायचीही गरज नाही. लॉबीत हॅकर निघाला, अ‍ॅडमिनच्याच मित्रांची टीम जिंकली, निकालाचा स्क्रीनशॉट बदलला, अशी तक्रार करून बघा. उत्तर ठरलेलं असतं: ग्रुपमधून रिमूव्ह. ५० रुपयांसाठी पोलीस ठाण्यात कोण जाणार? आणि बारावीतला पोरगा घरी तरी कसा सांगणार, पैसे वडिलांच्याच फोनवरून गेलेले असताना?

याला स्पर्धा म्हणू नका. हा जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश शुल्क घेता येतं, पण ते फक्त स्पर्धेत उतरण्यासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. पोरांचेच पैसे गोळा करून पोरांनाच वाटायचे आणि वरची मलई आपण खायची, हे त्यात कुठं बसतं? ते चालवणारा अ‍ॅडमिन आपल्याच गल्लीतला आहे म्हणून सगळे गप्प आहेत.

दुसऱ्या बाजूला ‘बंद करा तो खेळ’ म्हणणारे आहेत. तेही करून झालं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये खेळ बीजीएमआय या नव्या नावानं परतला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्टोअरवरून काढला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. परतताना अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली आणि पालकाच्या संमतीची अट ठेवली. संमतीचा ओटीपी पालकाच्या फोनवर येतो आणि तो फोन कोणाच्या हातात असतो, ते गावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

मला हा खेळ बंद नको. पहिल्या येणाऱ्या टीमला १० पॉइंट आणि प्रत्येक किलला १, अशा हिशोबावर कधी भिडायचं, कधी गप्प बसून झोनच्या कडेनं सरकायचं, हे चार जणांना एका दमात ठरवावं लागतं. आयजीएल, म्हणजे खेळातला कॅप्टन म्हणून टीम चालवणारा पोरगा मी जवळून पाहिलाय. अर्ध्या मिनिटात तो चौघांना चार दिशांना लावतो आणि आवाज चढवत नाही. ही अक्कल खरी आहे, म्हणूनच ती ५० रुपयांना लुटली जाते याचा संताप येतो.

कबड्डीच्या पोराला तालुका, जिल्हा, राज्य अशी शिडी आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावतात तेव्हा राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणाकडे आहे हे एकमेकांना विचारतात, कारण त्याला किंमत आहे. पेड स्क्रिम जिंकणाऱ्याच्या हातात एक पीडीएफ पडते, तिच्यावर ना शिक्का ना सही. त्याच्यासमोर दोनच वाटा: गल्लीतला अ‍ॅडमिन, नाहीतर थेट देशभरातल्या टीमची ऑनलाइन पात्रता फेरी. तिथं समोर बूटकॅम्पमध्ये फायबरच्या लाइनवर दिवसभर सराव करणाऱ्या टीम, आणि हा न्हावऱ्यात लाइट गेल्यावर मोबाइल डेटावर खेळतोय, ऐन मारामारीत पिंग चढतोय. मग सांगतात, मेहनत कमी पडली.

शिरूरकडं शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटतो तेव्हा किती सेकंदांत बारी झाली ते माइकवरून सगळ्या गावाला ऐकू जातं. बक्षीस कोणी दिलं, किती दिलं, तेही तिथंच पुकारतात. कोणी हिशोब दाबू शकत नाही, कारण हजार माणसं बघत असतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘तरुणाईसाठी भव्य बीजीएमआय स्पर्धा’ छापणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढं तरी शिकावं. स्पर्धा उघड्यावर आणा. तालुक्याच्या एखाद्या सभागृहात १६ टीम बसवा, सगळ्यांना एकच नेटवर्क द्या, वयाचा दाखला तपासा, नियम भिंतीवर लावा, पहिली मॅच सुरू व्हायच्या आत बक्षिसाची रक्कम बँकेत जमा दाखवा. आईबापांना मागच्या खुर्च्यांवर बसू द्या, पोरगं काय खेळतं ते त्यांना डोळ्यांनी दिसू द्या. कोट्यवधी ओतणाऱ्या कंपन्यांना अशा एका तालुका फेरीचा खर्च जड नाही. आणि ज्या फ्लेक्सवर हा खर्च कोण करणार याचं नाव नसेल, त्या स्पर्धेत आपल्या पोराला ५० रुपये भरू देऊ नका.